पोर्ट ३१२८

स्क्विडच्या सोर्स कोडमध्ये 'सीएफ डॉट डेटा डॉट प्री' नावाची एक फाईल आहे. स्क्विड हा प्रॉक्सी सर्व्हर. कॉलेजात, कार्यालयात शेकडो संगणक आणि बाहेरचं इंटरनेट यांच्या मधे तो उभा असतो. प्रत्येक मागणी त्याच्या हातून बाहेर जाते, आलेल्या पानाची प्रत ठेवता आली तर तो ठेवतो आणि कोणी कुठे जायचं याचे नियमही तोच पाळतो. त्याला चालवताना जे शेकडो पर्याय देता येतात ते सगळे या एका फाइलीत नोंदलेले आहेत. पर्यायाचं नाव, त्याचा प्रकार, आपण काही सांगितलं नाही तर काय धरायचं ते डिफॉल्ट, आणि त्याखाली साध्या इंग्रजीत खुलासा. स्क्विड बांधताना एक छोटा प्रोग्रॅम ही फाईल वाचतो आणि तिच्यातून दोन गोष्टी काढतो. एक म्हणजे सेटिंग वाचून घेणारा सी++ कोड आणि दुसरी म्हणजे वापरणाऱ्याच्या हाती पडणारी, खुलाशांनी भरलेली नमुना फाईल. पर्याय जोडायचा तर खुलासा त्याच जागी लिहावा लागतो. खुलाशाची जागा रिकामी सोडली तर ती सुधारणा तपासणाऱ्या परीक्षकाच्या लगेच डोळ्यांत येते.

या फाइलीबद्दल मला मनापासून आदर आहे. आमच्या क्षेत्रात बग काढणारे वेगळे आणि माहिती लिहिणारे वेगळे मानले जातात. पहिलं काम वरच्या दर्जाचं, दुसरं फावल्या वेळचं. जबलपूरला बसून स्क्विडसारख्या खुल्या सॉफ्टवेअरसाठी मी बरीच वर्षं दोन्ही करत आले आहे, आणि ही दोन कामं आहेत असं मला आता वाटत नाही.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक केंद्रात सिस्टिम सांभाळते. घर मराठी, शहर हिंदी. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथवर होता, तेव्हापासून जबलपूरला मराठी माणसं आहेत. आमचं घर त्या मानानं अलीकडचं. आजोबा नोकरीसाठी आले, बाबा तोफगाडी कारखान्यात लागले. १९०४ साली सुरू झालेल्या त्या कारखान्याला इथं सगळे जीसीएफच म्हणतात. मी संगणक केंद्रात रुजू झाले तेव्हा अख्ख्या कॉलेजला दोन एमबीपीएसची लीज्ड लाइन होती आणि तिच्यावर चारेकशे संगणक. प्रॉक्सीशिवाय ते चालणं अशक्य होतं. एका वर्गानं तीच पीडीएफ एकाच तासात उतरवली तरी बाहेरून ती एकदाच यावी, बाकीच्यांना आतल्या आत मिळावी, एवढ्यासाठी स्क्विड बसवलेला. प्रत्येक लॅबमधल्या प्रत्येक ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता आणि ३१२८ हा पोर्ट हाताने भरलेला असे. पहिल्या वर्षाची मुलं स्वतःचा रोल नंबर पाठ होण्याआधी तो आकडा पाठ करत.

स्क्विडचं मूळ हार्वेस्ट नावाच्या अमेरिकन संशोधन प्रकल्पात आहे. त्या प्रकल्पातला कॅश व्यापारी मार्गाला लागला, तेव्हा त्याआधीची खुली आवृत्ती घेऊन ड्युएन वेसल्स यांनी १९९६ मध्ये स्क्विड पुढे नेला. सुरुवातीला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचं अनुदान होतं, पुढे ते संपलं आणि काम जगभरच्या स्वयंसेवकांवर आलं. परवाना जीपीएल. आमच्यासारख्या सरकारी अनुदानावरच्या संस्थेला तशा क्षमतेचं विकतचं यंत्र परवडण्याचा प्रश्नच नव्हता. जे आम्हाला फुकट मिळालं त्यावर कॉलेजच्या पिढ्या शिकल्या, हे मी कधी विसरत नाही. या कामात मी पडले त्याचं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण म्हणजे परीक्षेचे फॉर्म.

फॉर्म ऑनलाइन भरायला लागले त्या काळातली गोष्ट. शेवटच्या तारखेला सगळ्या लॅब भरलेल्या, बाहेर व्हरांड्यात रांग, आणि दुपारी पानं उघडेनाशी झाली. एरर यावी तर तीही नाही. ब्राउझर नुसता फिरत राहायचा. लाइन पाहिली तर मोकळी, सर्व्हरचा प्रोसेसर निवांत, मेमरी शिल्लक. लॅब असिस्टंट म्हणाले, "मॅडम, रीस्टार्ट कर दें?" रीस्टार्ट केल्यावर दहा मिनिटं चालायचं, पुन्हा बंद. मग कॅश लॉगमध्ये एक ओळ दिसली. तुमच्या कॅशचे फाईल डिस्क्रिप्टर संपत आले आहेत, असा इशारा.

लिनक्समध्ये प्रोग्रॅमनं उघडलेल्या प्रत्येक फाइलीला आणि प्रत्येक जोडणीला एक क्रमांक लागतो, तो डिस्क्रिप्टर. एका प्रक्रियेला साधारणपणे असे १,०२४ मिळतात. प्रॉक्सीत हिशेब दुप्पट होतो. मुलाच्या ब्राउझरपासून प्रॉक्सीपर्यंत एक जोडणी, प्रॉक्सीपासून बाहेरच्या सर्व्हरपर्यंत दुसरी, शिवाय डिस्कवरच्या कॅशची फाईल उघडली तर तिचा आणखी एक. एक पान उघडताना ब्राउझर एकाच वेळी कितीतरी जोडण्या मागतो. तीनचारशे मुलं एका वेळी बसली की १,०२४ म्हणजे काहीच नाही. क्रमांक संपत आले की स्क्विड नव्या जोडण्या घेणं थांबवतो, म्हणून एररही येत नाही. मागणी दाराशी नुसती उभी राहते.

उपाय सोपा, मर्यादा वाढवायची. पण ती मर्यादा एका जागी नसते. ऑपरेटिंग सिस्टिमची एक, सर्व्हिस सुरू करणाऱ्या फाइलीतली एक, स्क्विडच्या स्वतःच्या सेटिंगमधली एक, आणि जुन्या आवृत्त्यांत तर बांधतानाच ठरलेली आणखी एक. यातली सर्वांत लहान जी असेल ती चालते. मला त्या दिवशी जी जी माहिती सापडली तिच्यात यांपैकी एकेक जागा सांगितलेली होती. चारही एकत्र आणि त्यांच्यातला संबंध कुठेच नव्हता.

त्या आठवड्यात मी हे सगळं एका पानावर लिहून काढलं. सुरुवात पर्यायाच्या नावानं केली नाही, लक्षणानं केली: पानं उघडत नाहीत, एरर येत नाही, लाइन मोकळी आहे, तर आधी लॉगमध्ये ही ओळ शोधा. त्यानंतर चारही जागा, आणि प्रत्येक जागी आत्ता किती मर्यादा आहे ते पाहायचा आदेश. डॉक्युमेंटेशन कसं लावायचं याबद्दल माझं जे मत बनलं ते इथं बनलं. लिहिणाऱ्याला प्रोग्रॅम आतून दिसतो, म्हणून तो पर्यायांच्या नावांप्रमाणे माहिती लावतो. वाचणारा मात्र व्हरांड्यातली रांग मागे घेऊन येतो. त्याला पर्यायाचं नाव माहीत असतं तर तो आलाच नसता. दोन्ही मांडण्या लागतात, पण दुसरी कोणी करत नाही. कारण ती करायला ती रांग एकदा पाहिलेली असावी लागते.

याच ओघात मेमरीचं उदाहरण सांगते. 'कॅश-मेम' या पर्यायाच्या खुलाशात स्क्विडनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय की हा आकडा म्हणजे प्रक्रियेच्या एकूण मेमरीची कमाल मर्यादा नव्हे. तरीही माणसं तसंच समजतात, सर्व्हरची सगळी मेमरी तिथे लिहून टाकतात, आणि सर्व्हर स्वॅपमध्ये जाऊन गुदमरतो. खरं म्हणजे डिस्कवरच्या कॅशच्या प्रत्येक जीबीमागे नुसत्या सूचीसाठीच ६४ बिटच्या यंत्रावर सुमारे १४ एमबी मेमरी लागते. १०० जीबीची डिस्क दिली की जवळपास दीड जीबी त्यातच गेली. हे दोन आकडे वेगवेगळ्या पानांवर होते. मोठ्या अक्षरांतल्या सूचनेनं जे साधलं नाही ते दोन्ही आकडे शेजारी ठेवून एक बेरीज करून दाखवल्यावर साधलं.

आता नियमांकडे येते, कारण सर्वांत जास्त 'बग' तिथेच नोंदवले जातात आणि त्यातले बहुतेक बग नसतात.

स्क्विडमध्ये आधी एसीएल लिहायचे, म्हणजे गट ठरवायचे: हे पत्ते म्हणजे पहिली लॅब, ते पत्ते म्हणजे दुसरी, ही वेळ म्हणजे कामाची वेळ. मग 'एचटीटीपी-ॲक्सेस'च्या ओळी लिहायच्या, परवानगी किंवा मनाई. एका एसीएलमध्ये चार पत्ते लिहिले तर त्यातला कुठलाही एक जुळला की पुरे. पण एका एचटीटीपी-ॲक्सेसच्या ओळीत दोन एसीएल शेजारी लिहिले तर दोन्ही जुळावे लागतात. आमच्या एका कनिष्ठ सहकाऱ्यानं दोन्ही लॅबना परवानगी द्यायची म्हणून एकाच ओळीत 'पहिली लॅब, दुसरी लॅब' लिहिलं. एकच संगणक एकाच वेळी दोन्ही लॅबमध्ये असू शकत नाही, त्यामुळे ती ओळ जगात कधीच कुणाला लागू झाली नसती. तो दोन दिवस "सर्व्हर खराब है" म्हणत होता. ओळ तोडून दोन केल्या, चाललं.

आणि ओळी वरून खाली वाचल्या जातात. जी पहिली जुळेल तिथे निकाल लागतो. हे बहुतेकांना माहीत असतं. एकही ओळ जुळली नाही तर काय, हे फार थोड्यांना माहीत असतं. तेव्हा स्क्विड शेवटच्या ओळीच्या उलट वागतो. शेवटची ओळ मनाईची असेल तर उरलेल्या सगळ्यांना परवानगी! एखाद्यानं शेवटी 'अमुक साइटला मनाई' लिहून फाईल बंद केली, तर बाकी जगभरच्या कुणालाही तो प्रॉक्सी वापरायला मोकळा. बाहेरच्या पत्त्यावर ऐकत असेल तर काही तासांत अनोळखी माणसं त्याच्यातून वाहतूक करू लागतात आणि दुष्कृत्यांच्या नोंदी कॉलेजच्या नावावर पडतात. म्हणून शेवटची ओळ नेहमी 'सगळ्यांना मनाई' अशी लिहायची. हे खुलाशात लिहिलेलं आहे, अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ते त्या पर्यायाच्या खुलाशात आहे, आणि नवखा माणूस खुलासा वाचत नाही. कुठूनतरी दहा ओळी उचलून चिकटवतो. माझ्या मते यावर इलाज एकच: कुठल्याही पानावर नियमांचं उदाहरण द्यायचं तर ते शेवटच्या मनाईच्या ओळीसकटच द्यायचं, कितीही छोटं असलं तरी. उचलणारा उचलणारच आहे. त्याच्या हाती अर्धवट तुकडा पडता कामा नये. स्क्विडच्या विकीवर मी लावलेल्या पानांवर हा नियम मी कधी मोडू दिलेला नाही, आणि परीक्षणाला आलेल्या इतरांच्या उदाहरणांनाही मी ती ओळ जोडायला लावते.

नियम का लागत नाही हे शोधायलाही स्क्विडमध्ये चांगली सोय आहे. आतला कोड विभागांत वाटलेला आहे आणि प्रत्येक विभागाला क्रमांक आहे, प्रवेश-नियमांचा २८. बाकी सगळं शांत ठेवून फक्त २८ व्या विभागाला बोलतं करता येतं. मग लॉगमध्ये दिसतं: ही मागणी आली, हा एसीएल तपासला, जुळला नाही, पुढचा तपासला. पहिल्यांदा ते वाचताना प्रोग्रॅम आपल्याला त्याचा विचार मोठ्यानं सांगतोय असं वाटलं होतं. त्या क्रमांकांची यादी सोर्स कोडमध्ये साध्या मजकुराच्या फाइलीत आहे, आणि कित्येक वर्षं स्क्विड चालवणाऱ्यांनाही ती ठाऊक नसते.

जुन्या माहितीचं ओझं हा या कामातला सर्वांत कठीण भाग. ड्युएन वेसल्स यांचं स्क्विडवरचं पुस्तक २००४ साली आलं, ओरायलीनं काढलेलं. आमच्या ग्रंथालयात त्याची प्रत आहे आणि मी त्यावर शिकले. ते २.५ आवृत्तीवर लिहिलेलं आहे. २.६ मध्ये 'एचटीटीपीडी-ॲक्सेल' या नावानं सुरू होणारे मुख्य पर्याय गेले, त्यांचं काम पोर्टच्या ओळीत आलं. ३.१ मध्ये 'ट्रान्सपरंट' हा शब्द जाऊन 'इंटरसेप्ट' आला. पुढे पाचव्या आवृत्तीत 'डीएनएस-व्ही४-फर्स्ट' काढून टाकला, कारण आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ यांपैकी जो रस्ता आधी उघडेल तो धरायची पद्धत आली आणि त्या पर्यायाला अर्थ उरला नाही. यातला प्रत्येक बदल योग्य होता. पण जुन्या ओळी हजारो ठिकाणी नकलून ठेवलेल्या आहेत. नवा स्क्विड बसवायचा, जुन्या ओळी चिकटवायच्या, मग तो सुरू होत नाही म्हणून बग नोंदवायचा, हे चक्र संपत नाही.

बाबा याबद्दल एक सांगायचे. कारखान्यात सुट्या भागाचं सुधारित ड्रॉइंग आलं की जुनं ड्रॉइंग शॉपमधून मोजून परत घेतलं जायचं. एकही प्रत कारागिराच्या खणात राहता कामा नये. प्रत्येक ड्रॉइंगवर सुधारणेचा क्रमांक असायचा, आणि क्रमांक नसलेल्या कागदाला कुणी हात लावायचं नाही. मला सॉफ्टवेअरमध्ये जुने कागद परत घेता येत नाहीत, ते जगभर पसरलेले आहेत. पण क्रमांक टाकता येतो. म्हणून मी पान हातात घेतलं की पहिलं काम म्हणजे ते कुठल्या आवृत्तीपासून कुठल्या आवृत्तीपर्यंत खरं आहे ते ठरवणं. ते आठवणीवरून ठरत नाही. घरच्या एका जुन्या संगणकावर मी स्क्विडच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बांधून ठेवल्या आहेत; पानावरचं उदाहरण प्रत्येकीला खाऊ घालायचं आणि कोण काय म्हणते ते पाहायचं. स्क्विडला नुसती सेटिंग फाईल तपासून दे असं सांगता येतं, त्यामुळे हे लवकर होतं. जिथे नवी आवृत्ती कुरकुरते तिथे पानावर तसं लिहायचं, आणि जुन्या ओळीच्या जागी आता काय लिहायचं तेही. जुनं नाव पानावरून पुसायचं नाही, कारण माणूस तेच नाव शोधत येणार आहे. त्याला ते सापडलं पाहिजे आणि तिथून पुढचा रस्ता दिसला पाहिजे. पूर्ण पान काढून टाकायचं फक्त तेव्हा, जेव्हा त्या सल्ल्यानं धोका होतो. मधल्या काळात स्क्विडचा विकी जुन्या व्यवस्थेतून साध्या मार्कडाउन फाइलींत आणला गेला, आणि कोडसारखीच पानांवरही सुधारणा सुचवता येऊ लागली, तिचं परीक्षण होऊ लागलं. ज्यांनी ते कंटाळवाणं स्थलांतर केलं त्यांचे उपकार मोठे आहेत.

खऱ्या बगचीही एक गोष्ट सांगते. ती स्क्विडमधली नाही. दुसऱ्या एका छोट्या खुल्या प्रॉक्सीतली आहे, जी मी प्रयोगशाळेत वेगळ्या कामाला वापरत होते. सुरक्षित साइट उघडताना ब्राउझर प्रॉक्सीला 'कनेक्ट' अशी मागणी पाठवतो: या यजमानाच्या या पोर्टला मला जोडून दे. यजमान आणि पोर्ट यांच्या मधे कोलन असतो. हा प्रोग्रॅम डावीकडून पहिला कोलन शोधायचा, त्याच्या आधीचं नाव, नंतरचा पोर्ट. नावं आणि आयपीव्ही४ पत्ते असेपर्यंत हे बिनतक्रार चाललं. आयपीव्ही६ च्या पत्त्यात मात्र आतच कोलन असतात. ते चौकोनी कंसात लिहायचे असा नियम खूप आधीच ठरलेला आहे, पण या कोडला कंस माहीतच नव्हता. परिणाम असा की पत्त्याचा पहिला तुकडा कंसासकट नाव म्हणून डीएनएसकडे जायचा, आणि मुलांना दिसायचं 'नाव सापडत नाही'. सगळे डीएनएसमध्ये शोधत बसलेले, मीही. आयपीव्ही६ चा पत्ता थेट लिहिणारे फार कमी, म्हणून तक्रार महिन्यातून एखादी. अशा बगला कुणी वाली नसतो.

तो पकडायला काय केलं, तर मागणी लहान लहान करत नेली. ब्राउझर बाजूला ठेवला, हाताने एकच ओळ लिहून प्रॉक्सीला पाठवली. तीही चुकली, म्हणजे ब्राउझर सुटला. मग त्याच सर्व्हरला नावानं, मग आयपीव्ही४ नं, मग आयपीव्ही६ नं. फक्त शेवटची चुकली. आता कोड वाचायला काही अर्थ होता. दुरुस्ती चार ओळींची: पहिलं अक्षर कंस असेल तर जुळणारा कंस शोध, त्यानंतरचा कोलन धर. ती पाठवल्यावर परीक्षकानं दोन गोष्टी मागितल्या. एक चाचणी, जी जुन्या कोडवर नापास होईल आणि नव्यावर पास; आणि मॅन्युअलमध्ये एक वाक्य, पत्ता कसा लिहायचा ते. चाचणी लिहिताना लक्षात आलं की कंस उघडला आणि बंदच केला नाही तर काय करायचं ते मॅन्युअलमध्ये कुठेच ठरलेलं नाही. आधी ते वाक्यात ठरवलं, अशी मागणी नाकारायची, मग कोडमध्ये आणलं. चार ओळींची दुरुस्ती त्या वाक्यामुळे पूर्ण झाली. खुलासा नीट लिहायला घेतला की कोडमधली भोकं आपोआप दिसू लागतात, हे मी त्यानंतर इतक्या वेळा पाहिलंय की आता बग शोधायचा असेल तर मी आधी त्या भागाचा खुलासा लिहून पाहते.

हे काम करणारे हात किती थोडे आहेत ते २०२३ च्या ऑक्टोबरात जगाला कळलं. जोशुआ रॉजर्स या सुरक्षा संशोधकानं २०२१ मध्ये स्क्विडची कसून तपासणी केली होती. त्याला ५५ दोष सापडले होते. त्यानं ते जाहीर केले तेव्हा त्यातले ३५ अजून दुरुस्त व्हायचे होते. पुष्कळांनी स्क्विडच्या मंडळींना बोल लावले. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. जगभरच्या संस्था ज्याच्या भरवशावर चालतात ते सॉफ्टवेअर मूठभर माणसं आपल्या वेळात सांभाळतात, आणि दोष सापडल्यावर मात्र सगळ्यांना पगारी विभागाची अपेक्षा असते. रॉजर्सनं स्वतःही मनुष्यबळाची ही चणचण स्पष्ट मांडली होती. नंतर आणखी पुष्कळ दोष दूर झाले. यादी जाहीर होण्याआधीच गेलेला एक ज्या पद्धतीनं गेला ती मला फार आवडली. वेबच्या आधीच्या काळातला गोफर नावाचा प्रोटोकॉल स्क्विड अजून सांभाळत होता, त्या कोडमध्ये दोष निघाला, आणि सहाव्या आवृत्तीत गोफरच काढून टाकला. जे कुणी वापरत नाही ते सांभाळत बसण्यापेक्षा काढणं शहाणपणाचं. यादी जाहीर झाली त्या आठवड्यात आम्ही जबलपूरला आमच्या सर्व्हरवरचे न लागणारे पर्याय एकेक करून बंद केले, आणि मी त्यातूनच 'काय बंद ठेवता येईल' असं एक पान लिहिलं.

डुमना विमानतळाच्या रस्त्यावर आयआयआयटीडीएम ही तंत्रशिक्षण संस्था आहे, २००५ साली स्थापन झालेली. तिथली मुलं गुगलच्या समर ऑफ कोड या खुल्या सॉफ्टवेअरच्या उपक्रमासाठी दरवर्षी खटपट करतात, आणि त्यातली काही ओळखीनं माझ्याकडे येतात. अमरावतीकडची एक मुलगी आली होती. चारचौघांत मॅडम म्हणायची, दोघीच असलो की ताई. तिला थेट मोठं काहीतरी करायचं होतं, नवा कॅश अल्गोरिदम वगैरे. मी तिला 'डिले पूल्स'चं पान दिलं. बँडविड्थ वाटून द्यायची ती सोय. तिच्यात आकडे बाइटमध्ये द्यायचे असतात, आणि लाइन विकणारे सगळे बिटमध्ये बोलतात, त्यामुळे माणसं आठपट चुकतात. "ताई, हे तर नुसतं लिहायचंय," ती जरा हिरमुसून म्हणाली. मी म्हटलं, "आधी प्रत्येक उदाहरण चालवून बघ, मग लिही." तिनं चालवलं. एका उदाहरणातले आकडे आणि शेजारचं वाक्य जुळत नव्हतं; वाक्य २५६ केबीपीएस म्हणत होतं आणि आकडा त्याच्या आठपट वेग देत होता. ती ते मोजून, तक्ता करून घेऊन आली तेव्हा तिचा आवाजच बदललेला होता. पुढे तिनं कोडमध्येही काम केलं, पण परीक्षकांनी तिच्यावर पहिला विश्वास टाकला तो त्या तक्त्यामुळे. महाराष्ट्रातून येणाऱ्या अशा मुलांना मी आवर्जून सांगते की इंग्रजीची धास्ती घेऊ नका. स्क्विडची पानं वाचणारे ब्राझीलचे, इंडोनेशियाचे, इजिप्तचे असतात. त्यांनाही अलंकारिक इंग्रजी नकोच असतं. छोटं वाक्य, खरा आकडा, चालून पाहिलेलं उदाहरण एवढंच लागतं, आणि ते अमरावतीच्या मुलीला लंडनच्या मुलाइतकंच जमतं.

आता प्रॉक्सीचं कामच बदललं आहे. नॅशनल नॉलेज नेटवर्क आलं, कॉलेजांच्या लाइन गिगाबिटमध्ये गेल्या, आणि जवळपास सगळं वेब एचटीटीपीएसवर आलं. त्यामुळे प्रॉक्सीला मागणीतलं फक्त यजमानाचं नाव दिसतं आणि किती बाइट गेले ते. आतलं पान त्याला दिसत नाही आणि साठवताही येत नाही. अर्धं इंटरनेट कॅशमधून द्यायचे दिवस गेले. तरी रोज कुणीतरी 'कॅश हिट वाढवायचे कसे' म्हणून जुनी पानं वाचत येतो, दहा पर्याय पिळतो आणि निराश होतो. त्याला पहिल्याच ओळीत सांगायला हवं की वाहतूक सुरक्षित असेल तर हिट वाढणार नाहीत, सेटिंगमध्ये काही बिघडलेलं नाही, आणि आता प्रॉक्सी ठेवायचा तो नियम, नोंदी आणि वेगाच्या वाटपासाठी. सुरक्षित जोडणी मध्येच उघडून पाहायची सोय स्क्विडमध्ये आहे. पण ती वापरायची तर मुलांच्या बँकेच्या पासवर्डपर्यंत आपला हात पोचतो, आणि माझ्या मते कॉलेजनं ती वापरू नये. असं मत पानावर लिहावं की नाही यावर परीक्षकाशी माझा बराच वाद झाला. शेवटी मत काढलं आणि वस्तुस्थिती ठेवली: काय उघडं पडतं, कुणाची संमती लागते, कुठली साइट न उघडता सोडता येते. माझ्या मताहून ते पान भारी झालं.

कॅश हिटच्या पानाचा नवा मसुदा आत्ता परीक्षणाला आहे. परीक्षकानं विचारलंय की सुरक्षित जोडण्यांची नोंद लॉगमध्ये वेगळ्या नावानं कुठल्या आवृत्तीपासून दिसते. अमरावतीच्या मुलीनं तिच्या यंत्रावर दोन आवृत्त्या पाहून कळवलं आहे. उरलेली जुनी मला माझ्याकडे बांधून बघायची आहे. ती नव्या कंपायलरवर सरळ बांधली जात नाही, म्हणून आधी जुना कंपायलर बसवावा लागणार.